किनारा सफाईचे दोन रविवार: एक टी-शर्टवाला, एक बिनटी-शर्टचा

लोक हॉटेलचा रिव्ह्यू लिहितात, मिक्सरचा लिहितात, मी सफाई मोहिमेचा लिहितेय. हसू नका, दीडशे रुपये भरलेत. पैसे भरले की बोलायचा हक्क येतो असं माझं दुकानदारी मत आहे, माझ्या दुकानात दोन रुपयाची झेरॉक्स काळी आली तरी गिऱ्हाईक मला ऐकवतंच ना.

तर मी कुडाळची, कॉलेजजवळ झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. मुलगा एफवायला, एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. एनएसएसवाल्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यामुळे ह्या पोरांचे डोळे कायम कुठे काय मोहीम आहे ह्याच्यावर लागलेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, गांधी जयंतीच्या आसपास, ग्रुपवर एक पोस्टर आलं, समुद्रकिनारा स्वच्छता महाअभियान, गूगल फॉर्म भरा, नोंदणी १५० रुपये, त्यात टी-शर्ट, टोपी, नाश्ता आणि ई-प्रमाणपत्र. मुलगा म्हणाला आई तू पण चल, आणि मी म्हटलं चला, रविवारी तसंही दुकान बंदच असतं, समुद्र तरी बघून होईल.

किनारा कुठला आणि संस्था कुठली ते सांगत नाही. आमच्याच जिल्ह्यातला किनारा, संस्था बाहेरून आलेली. नाव घेऊन भांडण नकोय, लोकांनी नोंदणी करण्याआधी काय काय विचारावं एवढंच सांगायचंय.

बोलावलं होतं सातला. आम्ही पावणेसातला हजर, स्कूटरवर, अंधारात उठून. तिथे मंडप लागलेला, कमान लागलेली, कमानीवर आठ जणांचे हसरे फोटो, आणि पाहुणे यायचे होते म्हणून काम सुरू करायचं नाही असा निरोप. पाहुणे आले आठ चाळीसला. मग दीपप्रज्वलन, वाऱ्यात दिवा लागेना, त्यात दहा मिनिटं गेली. गाडगेबाबांच्या फोटोला हार घातला आणि हार ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आला ती पिशवी माझ्या डोळ्यादेखत उडत सुरूच्या झाडांत गेली, तिच्या मागे कोणी गेलं नाही, मीही गेले नाही, खोटं कशाला बोलू, पहिल्या रांगेतून उठायला लाज वाटली. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घ्यायचे, गटारं साफ करायचे, कीर्तन रात्री. इथे कीर्तनच आधी, आणि तेही नऊ वाजून गेले तरी चाललेलं.

आता खरा घोटाळा ऐका. त्या दिवशी एकादशी होती. आमच्या किनारपट्टीवर भरतीचा हिशोब तोंडपाठ असतो, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ, शुद्ध असो की वद्य. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. सव्वाआठला भरती पूर्ण म्हणजे आम्ही नऊ-सव्वानऊला जेव्हा हातमोजे घालून उतरलो तेव्हा समुद्र अगदी सुरूच्या मुळांपर्यंत आलेला होता. कचरा जिथे साठतो ती भरतीची रेघ असते ना, काटक्या, शेवाळ, बाटल्या, चपला सगळं एका ओळीत पडलेलं असतं, ती ओळच पाण्याखाली. दीडशे माणसं आणि उभं राहायला वाळूची एक पट्टी. लोक एकमेकांच्या पायाखालून चॉकलेटचे कागद उचलत होते.

पलीकडे रापणीची माणसं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारी, होडीजवळ बसलेली, बिडी ओढत, मजा बघत. त्यातले एक आबा मला म्हणाले, "बाय, सुकतीक येवा. आता कचरो पाण्यात आसा, तुमी वाळू उचलतास." सुकती म्हणजे ओहोटी. बास. एवढ्या एका वाक्यात अख्ख्या महाअभियानाचा रिव्ह्यू झाला होता, मी उगाच पुढचं लिहितेय.

आणि एकादशीचं दुसरं दुःख म्हणजे नाश्ता. कांदेपोहे. आलेल्या बायकांत निम्म्यांचा उपास. एका काकींनी विचारलं हो, उपासाचं काही आहे का, तर पोरगा गोंधळून म्हणाला काकू चहा आहे. बरं ज्यांचा उपास नव्हता त्यांनी तरी सुखाने खावं, तर प्लेटा त्या चकचकीत अस्तरवाल्या, दिसायला कागद आणि आत प्लास्टिकचा थर, आणि दीडशे माणसांना दीडशे छोट्या पाण्याच्या बाटल्या. नाश्त्यानंतर जो कचरा झाला तो आम्ही उचललेल्या कचऱ्यापेक्षा फार कमी नसावा असं आमच्या मुलाचं म्हणणं, मी म्हटलं गप्प बस, प्रमाणपत्र मिळू दे आधी.

सामानाबद्दल. हातमोजे दिले ते डॉक्टरकडचे असतात तसले पातळ, दहा मिनिटांत बोटं बाहेर. काळ्या कचऱ्याच्या पिशव्या दिल्या, त्या किनाऱ्यावर काही कामाच्या नाहीत, ओली वाळू आणि एखादी फुटकी बाटली आत गेली की खालून फाटतात, म्हणजे प्लास्टिक उचलायला नवीन प्लास्टिक विकत आणायचं आणि ते तिथेच फाडायचं. दहा-बारा चिमटे होते, ते लांब दांड्याचे, खटका दाबला की चिमटा मिटतो ते. वाकायला लागत नाही म्हणून गुडघेदुखीवाल्यांना बरे, पण वाळूत अर्धं पुरलेलं जाळं त्याने ओढायला गेलात तर खटकाच तुटतो. माझ्या हातातला तुटला. मी गुपचूप ठेवून दिला.

आणखी एक गोष्ट जी मला फारच लागली. दोन उत्साही मुलं वाळूवर पसरलेला वेल उपटून काढत होती, जांभळी फुलं असलेला, झाडझुडूप म्हणून. अरे ती मर्यादवेल आहे! नावच बघा ना काय आहे. ती वाळू धरून ठेवते, ती गेली की वारा वाळू उडवतो आणि पावसाळ्यात लाटा आत येतात. मी ओरडले तेव्हा थांबली बिचारी, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं काय उचलायचं आणि काय नाही. शेवाळ, शिंपले, लाकडाचे ओंडके हा कचरा नाहीच, तो समुद्राचा माल आहे, तो तिथेच राहू द्यायचा. आयोजकांनी पाच मिनिटं एवढं बोलायला घेतली असती तर पाहुण्यांच्या चाळीस मिनिटांपेक्षा जास्त काम झालं असतं.

मग साडेदहाला फोटो. पोत्यांची रास, त्याच्यामागे बॅनर, त्याच्यामागे आम्ही. माईकवर जाहीर झालं, "दोन टन कचरा गोळा!" वजनकाटा मला काही कुठे दिसला नाही. पिशव्या मोजल्या असतील आणि अंदाजाने गुणल्या असतील, आणि त्या पिशव्यांत अर्धी वाळू आणि ओलं शेवाळ होतं हे मी स्वतः भरलंय म्हणून सांगते. टाळ्या झाल्या. अकराला मंडप उतरला, संस्थेच्या गाड्या गेल्या.

पिशव्या राहिल्या.

हे मला कसं कळलं, तर मावशी त्याच बाजूला राहते, पंधरा दिवसांनी तिच्याकडे गेले होते तर सहज चक्कर मारली. सुरूच्या खाली रास तशीच. कुत्र्यांनी फाडलेली, गाईंनी पोह्यांच्या प्लेटांसाठी उचकटलेली, आणि निम्मा माल परत भरतीच्या रेघेवर जाऊन बसलेला, आता तर आणखी बारीक तुकडे होऊन. विचारलं तर कळलं की ट्रॅक्टर कोणी सांगितलाच नव्हता. संस्थेला वाटलं गाववाले नेतील, गाववाल्यांना वाटलं संस्था नेईल, आणि ज्यांनी न्यायला पाहिजे त्यांना म्हणे कोणी पत्रच दिलं नव्हतं. दीडशे माणसं, दीडशे टी-शर्ट आणि एक ट्रॅक्टर नाही. टी-शर्टांच्या पैशात किती फेऱ्या झाल्या असत्या ह्याचा हिशोब मी तिथेच उभ्या उभ्या केला, दुकानदार आहे शेवटी.

ई-प्रमाणपत्र मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मुलाच्या नावात चूक. तेही माझ्याच दुकानात प्रिंट काढलं, पाच रुपये माझेच.

स्टार द्यायचे तर दीड. एक टी-शर्टला, कापड खरंच चांगलं आहे, आणि अर्धा त्या दोन मुलांना ज्यांनी ऐकून मर्यादवेल सोडली.

आता दुसरा रविवार. हा मावशीमुळेच. ती म्हणाली तुझा एवढा जीव जळतोय तर आमच्या गावात बायका करतात ते बघायला ये. वेंगुर्ले तालुक्यातलंच एक लहान गाव, नाव ह्याचंही घेत नाही, पण कारण वेगळं, त्या बायकांनी सांगितलंय की फोटोवाले नको. बचत गटाच्या नऊ-दहा बायका, रापणीचे पाच-सहा जण, शाळेची पोरं, आणि आम्ही दोघं पाहुणे. फॉर्म नाही, फी नाही. तारीख कशी ठरते, तर कालनिर्णय बघून. नोव्हेंबरातली वद्य द्वितीया आणि रविवार असं जुळून आलं होतं. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला आणि सुकती सकाळी साडेसातला. उजाडलं की उतरायचं, नऊच्या आत वर यायचं. पोहोचलो तेव्हा समुद्र लांब गेलेला आणि भरतीची रेघ समोर उघडी पडलेली, अगदी बाजारात मांडून ठेवल्यासारखी, त्या आबांचं सुकतीक येवा मला तेव्हा खरं कळलं.

इथे सामान बघा. सिमेंटची आणि खताची रिकामी पोती, बांधकामावरून आणलेली, धुऊन. फाटत नाहीत, आणि तळाला दोन-चार भोकं पाडलेली असतात म्हणजे पोतं उचलून झटकलं की वाळू गळून जाते. हे ज्याने शोधलं त्याला खरं तर प्रमाणपत्र द्यायला पाहिजे. हातमोजे रबरी तळव्याचे, शेतीच्या दुकानात मिळतात ते, जोडी धुऊन वर्षभर चालते. जाळी कापायला कोयता. वाळूत पुरलेलं नायलॉनचं जाळं ओढून निघत नाही, ओढलं की कंबर जाते, कडेने वाळू उकरायची आणि कोयत्याने तुकड्या-तुकड्यात सोडवायचं. हे काम रापणकरांनीच घेतलं कारण त्यांना माहिती की असलं सुटलेलं जाळं पाण्यात परत गेलं तर ते मासे धरतच राहतं, कोणी ओढायला नसलं तरी. कासवं पण अडकतात. आमच्याकडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, वायंगणीला तर त्यांची घरटी राखतात लोक, त्यामुळे ह्या दिवसांत किनाऱ्यावर ट्रॅक्टर नाही, फावडी नाही, दाताळं नाही, हाताने जेवढं निघेल तेवढंच. एका काकींनी हे पोरांना सुरुवातीलाच सांगितलं, दोन मिनिटांत, माईकशिवाय.

आणि थर्माकोल! ज्याने कधी किनाऱ्यावरचा थर्माकोल उचललाय त्याला विचारा. मासळीच्या पेटीचा मोठा तुकडा असला तर ठीक, पण तो फुटून जे पांढरे दाणे होतात ते वाळूत असे मिसळतात की हात टेकावेत. त्या काकींनी घमेल्यात समुद्राचं पाणी घेतलं, दाणेवाली वाळू ओंजळीने त्यात टाकली, वाळू खाली बसली, दाणे वर तरंगले, आणि चहाच्या जुन्या गाळणीने ते वरच्यावर काढून घेतले. मी बघतच राहिले. मुलाने व्हिडिओ काढायला मोबाईल काढला तर काकी म्हणाल्या, "व्हिडिओ रवांदे रे झिला, गाळणी धर."

पण मला ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहावासा वाटला ते पुढेच आहे. आठ-सव्वाआठला उचलणं थांबवलं. अजून कचरा पडलेला होता, मला चैन पडेना, म्हटलं अजून थोडं घेऊया ना, तर म्हणाल्या नको, जेवढा आज निवडून होईल तेवढाच उचलायचा. निवडायचा! जुनी ताडपत्री अंथरली आणि सगळं त्याच्यावर ओतलं आणि गोल करून बसल्या, अगदी तांदूळ निवडायला बसतात तशा. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या एकीकडे, झाकणं वेगळी कारण झाकणाचं प्लास्टिक वेगळं असतं. काच वेगळी, त्यात क्वार्टरच्या बाटल्या किती ते विचारू नका. दोर आणि जाळी वेगळी. चपला वेगळ्या. मासेमारीच्या होड्यांवरचे दिवे, औषधाच्या बाटल्या, एक सुई निघाली, ते सगळं एका पत्र्याच्या डब्यात, त्याला पोरांनी हात लावायचा नाही. आणि मग ती सगळ्यात मोठी रास, वेफर्स, कुरकुरीत खाऊ, शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे बरं का. किनाऱ्याला हे कोणीतरी कळवायला हवं.

ह्या चंदेरी पुड्यांचं दुखणं मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. बाटली भंगारवाला आनंदाने घेतो, पुठ्ठा घेतो, पत्रा घेतो, पुडी मात्र फुकट दिली तरी घेत नाही. कारण ती एकाच प्लास्टिकची नसते, प्लास्टिकचा थर, ॲल्युमिनियमचा पातळ थर, परत प्लास्टिक, असं चिकटवलेलं असतं, ते वेगळं करायचा खर्च मालापेक्षा जास्त. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत तर लिहिलंय की असलं वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनीच ते परत गोळा करायची जबाबदारी घ्यायची. कागदावर छान आहे. आमच्या ताडपत्रीवर कुठली कंपनी आलेली दिसली नाही.

बाटल्यांतली वाळू झटकून, पाणी काढून, चपट्या करून पोत्यात भरल्या. हे महत्त्वाचं आहे, ओला आणि वाळू भरलेला माल भंगारवाला नाकारतो, वाळूचे पैसे तो कशाला देईल, आणि यंत्रात वाळू गेली तर पाती खराब होतात. नऊ वाजता भंगारवाल्याचा टेम्पो आला, आधीच सांगून ठेवलेला. काट्यावर वजन झालं, खरं काट्यावर, बाटल्या एकवीस किलो आणि काच त्याहून जास्त, पैसे थोडेच आले पण गटाच्या वहीत लिहिले गेले. पुड्या आणि चपला वगैरे उरलेला माल दुसऱ्या गाडीने कचरा केंद्रावर, तेही आदल्या आठवड्यात बोलून ठेवलेलं. साडेनऊला किनाऱ्यावर एकही पोतं नव्हतं. मी घड्याळ बघितलं, मुद्दाम.

मग उकड्या तांदळाची पेज, सुका जवळा, आणि लोणचं. ताटल्या ज्याच्या त्याने घरून आणलेल्या, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून आम्हाला मावशीच्या ताटल्या. असा नाश्ता दीडशे रुपयात कुठे मिळत असेल तर कळवा.

चपलांचं राहिलं. पोरांनी त्रेचाळीस चपला मोजल्या आणि त्यात एकही जोडी नाही. सगळ्या एकेकट्या. डाव्या जास्त का उजव्या ह्याच्यावर पोरांची पैज लागली होती, डाव्या जिंकल्या, का ते समुद्राला माहीत.

आता कुरकुर पण करते, नाहीतर म्हणाल मावशीच्या गावाचं कौतुक चाललंय. एक, बायकाच सगळं निवडतात. पुरुष जाळी कापून झाली की चहाच्या टपरीकडे. मी हे मोठ्याने बोलले तर सगळ्या हसल्या आणि विषय संपला, संपायला नको होता. दोन, प्रथमोपचाराची पेटी नव्हती, एका पोराच्या पायाला काच लागली तर हळद शोधत घरी धावायला लागलं. धनुर्वाताचं इंजेक्शन नंतर मीच दिलं नेऊन, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेऊन. तीन, बाहेरच्या माणसाला कळतच नाही की हे कधी आहे, कारण कालनिर्णय आणि मावशी हे दोनच मार्ग. आणि चौथं, पुढच्या महिन्यात गेलं की तेवढाच कचरा परत. हे त्यांचं अपयश नाही, समुद्र कुठून कुठून आणून टाकतो, पावसाळ्यात तर डांबराच्या गोळ्या पण येतात, पायाला लागल्या की खोबरेल तेलाशिवाय निघत नाहीत. पण मन खट्टू होतं एवढं खरं. चार स्टार.

उरलेला माल जातो कुठे हे बघायचं माझ्या डोक्यात बसलं होतं, म्हणून डिसेंबरात मुलाच्या एनएसएसच्या पोरांबरोबर वेंगुर्ल्याला परबवाड्याला जाऊन आले. वेंगुर्ले नगरपरिषदेचं ते स्वच्छ भारत पर्यटन स्थळ. तिथे आधी डम्पिंग ग्राउंड होतं, आता तिकीट काढून आत जायचं. हो, कचरा बघायला तिकीट! घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुला वेड लागलंय, डेपो बघायला कोण पैसे देतं. मी दिले, आणि परत देईन.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की नाक धरावं लागत नाही. बाग आहे, बसायला जागा आहे. वेंगुर्ले म्हणजे काही मोठं शहर नाही, पण तिथे घरातूनच कचरा वेगवेगळा होऊन येतो आणि मग इथे तो परत निवडतात, वीसहून जास्त प्रकारांत. ताडपत्रीवर काकी जे करत होत्या तेच, मोठ्या प्रमाणावर आणि रोज. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, पालापाचोळ्याच्या जळाऊ कांड्या, आणि जे प्लास्टिक भंगारात जात नाही त्याचा भुगा करून डांबरात मिसळून रस्ते. ही प्लास्टिकच्या रस्त्याची युक्ती मदुराईच्या प्राध्यापक वासुदेवन यांची, त्यांना २०१८ ला पद्मश्री पण मिळाली. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वेंगुर्ल्यात हे उभं राहिलं, पुढे कर्जत-माथेरानकडेही त्यांचं नाव ऐकू यायला लागलं. पण मला विचाराल तर अधिकाऱ्याइतकंच कौतुक त्या घरांचं, कारण चार डबे ठेवायचे म्हणजे स्वयंपाकघरात जागा जाते आणि सासूबाईंना पटवावं लागतं, मी आमच्याकडे दोनच ठेवलेत आणि तेवढ्यावर रोज बोलणी खाते.

पोरं तिथे फार रमली. एकाने विचारलं की आपण ऑक्टोबरात उचललेल्या पिशव्या इथे का नाही आणल्या. मी गप्प बसले, कारण ते दुसऱ्या बाजूचं गाव, दुसरी हद्द, कोणाचा कचरा कोणी घ्यायचा ह्याचे नियम असतात, उठून कुठेही नेऊन टाकता येत नाही. पण हा प्रश्न आयोजकांनी कार्यक्रमाच्या आधी विचारायचा होता, पोराला तो कार्यक्रम होऊन दोन महिन्यांनी पडला. केंद्राला माझ्याकडून पाच. एकच सुधारणा सुचवेन, माहिती सांगणारं माणूस बरोबर असेल तेव्हाच जा, नुसतं फिरलात तर बाग बघून परत याल आणि खरं काम कळणार नाही.

तर कोणी तुमच्या गावात असला कार्यक्रम ठेवत असेल आणि फॉर्म भरायला सांगत असेल तर भरा, जरूर भरा, फक्त खाली जिथे टी-शर्टची साईज विचारतात ना तिथे लिहा की ट्रॅक्टर कोणाचा आहे आणि किती वाजता येणार आहे. उत्तर आलं तर जा. तिथी पण बघा. शुद्ध-वद्य काहीही असो, एकादशी-द्वादशीला सकाळी बोलावत असतील तर सांगा की भरती आहे, घरी झोपू द्या.

मुलाचे तास म्हणाल तर पहिल्या कार्यक्रमाचे चार धरले, प्रमाणपत्र होतं ना. मावशीच्या गावचे धरता येईनात, कारण पुरावा काय, शिक्का नाही, सही नाही. शेवटी बचत गटाच्या अध्यक्ष काकींनी वहीच्या पानावर लिहून दिलं, अमुक मुलाने तीन तास कचरा निवडला आणि गाळणी धरली, खाली सही. सरांनी ते वाचलं, हसले, आणि धरले.

टी-शर्ट अजून आहे. झेरॉक्स मशीनची काच पुसायला इतकं मऊ कापड दुसरं मिळालं नाही, त्याच्या त्या एका स्टारवर मी ठाम आहे.

मावशीकडची पुढची खेप माघातल्या वद्य तृतीयेच्या जवळच्या रविवारी आहे, सुकती आठच्या सुमाराला. यायचं असेल तर दुकानात येऊन विचारा, गाव तोंडी सांगते. रिकामी पोती धुऊन आणा, ताटली आणि चहाचा पेला आपापला. प्रथमोपचाराची पेटी मी घेतलीय.